उलटा उतरणारा खांब

खांब जिना उलटा उतरतो. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात कठड्यावर. आधी उजवा पाय चाचपडत खालच्या पायरीवर, मग डावा त्याच्या शेजारी. बोटीच्या शिडीवरून उतरणाऱ्या खलाशासारखा. तिसऱ्या मजल्यावरून तो रस्त्यावर पोचेपर्यंत बायकोची केराची बादली खाली जाऊन, रिकामी होऊन, परत वर गेलेली असते, आणि दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट दार उघडून म्हणतात, "काय खांबशेठ, आज पण रिव्हर्स गिअर?" हा विनोद त्यांनी पहिल्यांदा केला तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. खांब त्यावर एकदाही हसला नाही आणि त्यांनी एकदाही विनोद बदलला नाही. असं ते शेजारपण टिकलं.

इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टची जागा आहे. बिल्डरच्या छापील चित्रात लिफ्ट होती आणि तिच्या दारात एक हसरी बाईही उभी होती. दोघीही आल्या नाहीत. त्या जागेत आता सायकली, एक मोडका पाळणा आणि कुणाचं तरी जुनं कमोड आहे. रोज सकाळी खाली पोचल्यावर खांब त्या जागेकडे एकदा बघतो, बिल्डरचा उद्धार करतो आणि मगच रस्त्याला लागतो. बायको म्हणते, यांचा व्यायाम असतो तो.

राग हा काही त्याचा मूळ स्वभाव नव्हता. उंचीसारखाच तो हळूहळू वाढला. उंची पुढे थांबली, राग थांबला नाही.

उंचीचं असं झालं, की शाळेत असतानाच त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागू लागलं. वडील टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे. त्यांचं मत असं, की उंचीवर कुणी पगार देत नाही. पुढे काही वर्षं तरी ते खोटं ठरलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत सगळ्यांच्या वर एक डोकं तरंगताना खेळाच्या मास्तरांना दिसलं आणि ते रांग मोडून त्याच्यापाशी आले. गुण कुणी विचारले नाहीत. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जागा बघायला आलेला माणूस छताकडे बघतो तसं, आणि म्हणाले, "उद्यापासून बास्केटखाली उभं राहायचं. हात वर करायचे. कुणी काहीही म्हटलं तरी खाली घ्यायचे नाहीत."

पहिलं वर्ष त्यानं एवढंच केलं. 'खांब' हे नाव तेव्हाच पडलं आणि ते कौतुकानं पडलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मात्र एक चमत्कार झाला. त्याला खेळ आवडू लागला. बास्केटच्या कडीवर चेंडू आपटला की त्याच्या आवाजावरून तो कुठे पडणार हे त्याला कळायचं. ठण्ण वाजला तर लांब, धप्प वाजला तर पायाशी. बाकीचे वर बघत असायचे तेव्हा खांब आधीच चालू लागलेला असायचा. अंगानं अवघडलेला, दारातून वाकून येणारा, बसमध्ये मान तिरकी करून उभा राहणारा हा मुलगा त्या चौकोनात कुणाच्या पायात यायचा नाही. जगात तेवढीच एक जागा त्याच्या मापाची होती.

आणि त्याला तिथे चेंडू आणून द्यायचा लिंबू.

लिंबू म्हणजे संघातला सगळ्यात बुटका. आधी त्याला लिंबूटिंबू म्हणूनच घेतलेला, पुढे नावाचा अर्धा भाग गळाला. लिंबू न बघता पास द्यायचा. तोंड एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि तिथे खांबाचे हात आधीच उघडलेले. मैदानाबाहेरही तसंच. एका ताटात जेवण, एका खोलीत झोप, एकाच मुलीला दोघांची पत्रं. मुलीनं दोघांनाही नाकारलं म्हणून मैत्री आणखी घट्ट झाली.

तिसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात खांब कडीवरून उसळलेला चेंडू झेलून खाली आला तो कुणाच्या तरी बुटावर. उजव्या गुडघ्यात ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. सकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा. अंतिम सामना दुसऱ्याच दिवशी. मास्तरांनी कॉलेजचा डॉक्टर आणला. लॉकर रूममधल्या बाकावर खांबाला आडवा केला. सुई बघून तो उठू लागला, तेव्हा त्याचे खांदे लिंबूनं दाबून धरले. "अरे, एकच दिवस," लिंबू म्हणत होता, "एकच दिवस रे, मग आयुष्यभर झोप."

सुई लागली आणि गुडघा नाहीसा झाला. दुखत नव्हता, कारण तो तिथे नव्हताच. त्या नसलेल्या गुडघ्यावर खांब पूर्ण सामना खेळला. कॉलेज जिंकलं. त्या क्षणाचा फोटो आजही कॉलेजच्या हॉलबाहेर, भिंतीएवढा, लावलेला आहे: चौघांनी खांद्यावर उचललेला खांब, हात वर, तोंड उघडं. खाली रंगानं लिहिलंय, 'एका पायावर जिंकता येतं.' बघणाऱ्याला वाटतं, आनंदानं उचललाय. उचलला होता, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं. तोंड उघडं होतं, कारण तो ओरडत होता. फोटोला आवाज नसतो, ही फोटोची सोय.

पुढे एका कारखान्याच्या व्यावसायिक संघानं दोघांनाही घेतलं. पगार, गणवेश, पाठीवर आकडा, सामन्याच्या गावी स्वतंत्र पलंग. पलंग नेहमी आखूड. इथे सुई म्हणजे काही विशेष नव्हतं. इतरांना चहा यायचा, खांबाला सुई यायची. एकदा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाला, आता जपा. संघ म्हणाला, जपू की, हा हंगाम होऊ दे. हंगाम होत राहिले. मग एका सकाळी खांब बॅग घेऊन बसपाशी गेला, तर चालकानं दारातच सांगितलं, "साहेब, तुमची सीट नाही टाकलेली आज." व्यवस्थापकाला ते स्वतः सांगायला लाज वाटली असावी. चालकाला वाटली, पण त्याच्याकडे ते काम दिलेलं होतं. खिडकीत लिंबू बसला होता. मैदानात तोंड एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे असणाऱ्या लिंबूचं त्या दिवशी नुसतं तोंडच दुसरीकडे होतं. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता.

त्यानंतर खांब दिव्यांच्या दुकानात लागला. झुंबरं, लोंबते दिवे, भिंतीवरचे दिवे. मालकाला शिडी आणि शिडीवर चढणारा असे दोन खर्च होते, खांब आल्यावर एक उरला. दिवसभर तो हात वर करून दिवे टांगतो. एका अर्थानं मास्तरांनी शिकवलेलं तेवढंच कामाला आलं. दुकान तळमजल्यावर आहे, म्हणून तो तिथे टिकला.

आणि दर वर्षी कॉलेज त्याला बोलवायचं. लिंबू आता तिथला प्रशिक्षक झाला होता. मुलं त्याला समोर 'सर' आणि मागे 'लिंबू सर' म्हणायची. हंगामाच्या सुरुवातीला खांबाला गाडीतून आणायचं, तळमजल्याच्या दारातून आत घ्यायचं, मैदानालगतच्या खुर्चीत बसवायचं. मुलं यायची, पाया पडल्यासारखी वाकून त्याचा गुडघा बघायची. लिंबू सर ती एका पायाची गोष्ट सांगायचे आणि शेवटी खांबाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. दर वर्षी घड्याळच. घरात स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत घड्याळं झाली, आणि दोन घड्याळांची वेळ कधी एक नसायची. खांब गोष्ट ऐकताना गप्प बसायचा. सबंध जगात त्याचं एवढंच एक कौतुक उरलं होतं. ते खोडून काढणं त्याला परवडणारं नव्हतं आणि त्यासाठी लागणारा राग तोवर साठला नव्हता.

मग चिमणी त्याच कॉलेजात गेली.

चिमणी ही त्याची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती म्हणून ते नाव. आता ती कपाटावरची बॅग टाचा न उचलता काढते. खेळायला कुणी तिला ढकललं नाही. खांबानं तर उलट टेबल टेनिसची बॅट आणून दिली होती. पण ती कडीचा आवाज ऐकून चालू लागायची. हे शिकवून येत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खांबाला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

त्या संध्याकाळी तो कामावरून आला, तर चिमणी खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. बायको औषधांच्या दुकानात काम करते. दुखण्यावरच्या गोळ्यांची नावं तिला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ आहेत, आणि दोन्हींविषयी तिचं मत फारसं चांगलं नाही. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"डॉक्टरांनी सांगितलंय, दीड महिना पाय टेकायचा नाही," बायको म्हणाली. "आणि तुमच्या लेकीला रविवारी फायनल खेळायचीय."

खांबानं पिशवी उचलून पाहिलं. ओळखीचा चेहरा बऱ्याच वर्षांनी दिसावा तसा तो गुडघा त्याला दिसला.

"नाही खेळायचं," तो म्हणाला.

"सर म्हणाले, एक सुई घेतली की झालं."

"कोण म्हणाला?"

"सर. बाबा, एकच दिवसाचा तर प्रश्न आहे."

शब्दसुद्धा तेच. खांबाचा आवाज चढला. "त्या लिंबाला म्हणावं, सुई स्वतःला टोच. कुठे टोचायची ते मी येऊन दाखवतो."

"अहो, हळू," बायको म्हणाली. "खालचे एजंट पॉलिसी घेऊन येतील वर."

"तू नाही खेळलास?" चिमणी उसळली. "भिंतीवर फोटो आहे तुझा! रोज त्याच्याखालून आत जाते मी. मुली हात लावून जातात त्या फोटोला. आणि मी काय सांगू त्यांना, बाबा नको म्हणाले? तुझं ते शौर्य आणि माझा तो मूर्खपणा का?"

खांबानं तोंड उघडलं. सांगण्यासारखं इतकं होतं की ते दारातच अडकून बसलं. त्यानं जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. त्यानं भिंतीवरचं घड्याळ काढून खिडकीतून फेकलं. ते खाली फाटकाशी लावलेल्या सायकलींवर पडलं आणि, निर्लज्जपणे, चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून सुटी घेऊन तो कॉलेजात गेला. लिंबू सरांची खोली तळमजल्यालाच होती. भिंतीवर चषक, टेबलावर शिट्ट्या, आणि मधे लिंबू, आता चांगलाच गोल झालेला.

"ये ये, खांबा! मी फोन करणारच होतो. रविवारी प्रमुख पाहुणा तू. उद्घाटनाचा चेंडू तुझ्या हातून. बाप चेंडू टाकणार, लेक उडी मारणार. पेपरवाले येताहेत."

"तिचा पाय बघितलास?"

"बघितला. आपण यापेक्षा वाईट बघितलेत."

"तू बघितलेस. मी घेऊन फिरतोय."

लिंबूनं सुस्कारा सोडला. पालकांसाठी तो असा एक सुस्कारा राखून ठेवत असावा. "हे बघ, जबरदस्ती कुणी करत नाही. तिलाच खेळायचंय. विचार तिला."

"मलाही खेळायचंच होतं. तरी तू खांदे का धरले होतेस?"

लिंबूनं टेबलावरची एक शिट्टी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"जिंकलो की नाही आपण?" लिंबू म्हणाला. "त्या एका सामन्यावर तुझी नोकरी झाली, माझी झाली. पोरी ज्या जिद्दीनं खेळतात ना, ती तुझ्या गोष्टीची आहे. तीच आता मोडायची म्हणतोस? मग तुझ्यापाशी उरतं काय रे? झुंबरं?"

खांब उठला. खोलीतल्या दिव्याला त्याचं डोकं लागलं आणि दिवा हलत राहिला. दारात जाऊन तो म्हणाला, "येतो रविवारी."

"गाडी पाठवतो. खुर्ची नेहमीच्याच जागी," लिंबू म्हणाला. त्याला वाटलं, समजूत पटली.

रविवारी खांब गाडीची वाट न बघता बराच आधी गेला. हॉलचं दार उघडलं होतं, झाडूवाले आत होते. चढायला त्याला त्रास होत नाही. वेळ लागतो, पण माणूस माणसासारखा चढतो. तो प्रेक्षकांच्या गॅलरीत चढत गेला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत, छपराच्या पत्र्याखाली, आणि बसून राहिला. हॉल भरला. खाली मैदानालगत त्याची खुर्ची रिकामी होती आणि लिंबू तिच्याभोवती, घरात पाहुणे येऊन साखर संपलेली असावी तसा, फिरत होता.

दोन्ही संघ ट्रॅकसूटमध्ये रांगेत उभे राहिले. उद्घाटन, मग थोडा वेळ आत, मग सामना, असा क्रम होता. सुईवाला डॉक्टर आतच थांबला होता. निवेदकानं आवाज चढवून एका पायाची गोष्ट सांगितली आणि नाव घेतलं. टाळ्या झाल्या. कुणीच आलं नाही. मग कुणाला तरी तो वर उभा राहिलेला दिसला. लपायला त्याला कधी जमलंच नव्हतं.

खांबानं हॉलकडे पाठ फिरवली, कठडा धरला आणि उजवा पाय खाली सोडला.

आधी हसू आलं. विद्यार्थ्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कुणी शिट्टी मारली, कुणी "रिव्हर्स, रिव्हर्स" ओरडलं. विमा एजंटांचा विनोद इथेही होता तर. खांब एकेक पायरी उतरत राहिला. उजवा चाचपडत, डावा शेजारी. थांबून दम. पुन्हा उजवा. टाळ्या वाजवणाऱ्यांना कळेना, किती वेळ वाजवायच्या. त्या आपोआप विरल्या. मग शिट्ट्याही विरल्या. मधल्या रांगांपर्यंत तो आला तेव्हा हॉलमध्ये फक्त त्याचा बूट पायरी शोधताना होणारा आवाज होता आणि अजून अर्धा जिना उरला होता.

"अरे, उचला त्यांना! पटकन!" लिंबूनं दोन धिप्पाड मुलांना वर पिटाळलं. "खांद्यावर घ्या!"

मुलं पोचली. खांबानं मान वळवली नाही. "हात लावायचा नाही," तो म्हणाला, आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "एकदा उचललंत तेवढं पुरे झालं."

मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. निवेदकाला काहीतरी बोलणं भाग होतं, पण त्याच्याजवळच्या कागदावर पुढचं वाक्य 'त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून' असं होतं. तो खोकला.

खाली पोचल्यावर खांबानं घाम पुसला आणि रांगेकडे गेला. लिंबूनं चेंडू पुढे केला. खांबानं चेंडू घेतला, पण पंचाकडे गेला नाही. तो चिमणीसमोर उभा राहिला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

"सगळ्यांसमोर," ती दात खाऊन म्हणाली. "सगळ्यांसमोर, बाबा? घरी सांगता आलं नसतं?"

"घरी तर रोजच उतरतो," खांब म्हणाला. "तू बघतेस कुठे?"

त्यानं चेंडू तिच्या हातात दिला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

संघ आत गेले. खांब दाराकडे बघत राहिला. शेजारच्या खुर्चीतल्या प्राचार्यांनी त्याला हवापाण्याबद्दल दोनदा विचारलं. मग मुली पळत बाहेर आल्या. चिमणी शेवटी आली, चालत, लंगडत, ट्रॅकसूट तसाच अंगावर. ती बाकाच्या टोकाला बसली, डोक्यावरून टॉवेल ओढून. लिंबू तिच्यापाशी वाकून काहीतरी बोलला. टॉवेल डावी-उजवीकडे हलला. लिंबू पुन्हा बोलला. तेव्हा संघाची कर्णधार उठली आणि दोघांच्या मधे येऊन बसली, बुटाची नाडी बांधत. नाडी आधीच बांधलेली होती.

कॉलेज हरलं. चांगलंच हरलं. बास्केटखाली कुणी नव्हतंच.

लिंबू सरांनी सगळीकडे सांगितलं, की खांबाचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं. फोटो भिंतीवर तसाच आहे. त्याखालची अक्षरंही आहेत, रंग मात्र यंदा पुन्हा दिला नाही. त्या रविवारचं घड्याळ आलं नाही, पुन्हा फोनही नाही. खांबानं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त दुकानात एका गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडला आणि मालकाची बोलणी खाल्ली. आपण बरोबर होतो, हे माहीत असूनही त्याचा राग गेला नाही. लिंबूनं विचारलेलं खरंच होतं. आता त्याच्यापाशी झुंबरं उरली होती.

आणि चिमणी त्याच्याशी बोलत नव्हती. मीठ हवं असेल तर आईला सांगायची, "त्यांना म्हणावं मीठ द्या." अहोजाहो ही तिची शिक्षा होती. "मी काय टपाल खातं आहे का तुमच्या दोघांचं?" बायको करवादायची आणि मीठ सरकवायची.

दीड महिना झाला. डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला, आता चाल म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खांब नेहमीसारखा कठडा धरून, पाठ रस्त्याकडे करून उतरत होता. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. एजंटांनी त्याच्याकडे पाहिलं, विनोद तोंडापर्यंत आणला, आणि का कोण जाणे, गिळला.

तेवढ्यात वर खांबाच्या घराचं दार धाडकन आपटलं. बॅग पाठीला, चेहरा फुगलेला, चिमणी आली. खांब भिंतीला सरकला. ती त्याच्याकडे न बघता, तोंड सरळ रस्त्याकडे करून, धडधडत खाली गेली. वळणावर तर शेवटच्या पायऱ्या तिनं उडी मारूनच घेतल्या.

"हळू! मूर्ख कुठली!" खांब जिन्यात ओरडला.

खाली सायकल खणखणली, फाटक आपटलं. खांब कठड्याला धरून तसाच उभा राहिला, कान देऊन, कडीचा आवाज ऐकावा तसा. मग त्यानं उजवा पाय खालच्या पायरीवर सोडला आणि बिल्डरच्या नावानं दोन शिव्या हासडल्या.